झोप येत नाही तेव्हा कोणत्या संताला हाक मारावी?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता की मुलगा चौदा महिन्यांपासून दोह्याला एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. तेव्हापासून तुमचा डोळ्याला डोळा लागत नाही. लागलाच तर दोनच्या सुमाराला जाग येते ती पहाटेच्या घंटेपर्यंत. जाऊबाईंनी झोपलेल्या संत योसेफाची मूर्ती दिली, तुम्ही नऊ रात्री तिच्याखाली चिठ्ठी ठेवली, तरी झोप आली नाही. प्रार्थनागटातल्या एका बाईंनी ‘तुमची श्रद्धा कमी पडते’ असं सांगितलं. डॉक्टरांनी गोळी दिली आहे, पण ती घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं तर नाही, या विचाराने तुम्ही ती एक दिवस घेता आणि दोन दिवस चुकवता. आणि शेवटी विचारता: झोपेसाठी नेमके संत कोण, आणि काळजीसाठी कोण?

संतांकडे येतेच. पण आधी त्या बाईंच्या वाक्याचं बघू, कारण मला वाटतं दोन वाजता तुम्हाला जागं ठेवणाऱ्या गोष्टींत आता मुलाइतकंच ते वाक्यही आहे.

झोप न येणं हे श्रद्धेचं माप नाही. बायबलमध्येच बघा. सत्त्याहत्तराव्या स्तोत्रातला भक्त देवालाच म्हणतो की तू माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीस, मी इतका व्याकूळ आहे की बोलवत नाही. ईयोब म्हणतो, आडवा झालो की वाटतं कधी उजाडेल, आणि पहाटेपर्यंत नुसता या कुशीवरून त्या कुशीवर. या दोघांना अश्रद्ध म्हणायची कोणाची छाती होईल? त्यांचं रात्रीचं तळमळणं ख्रिस्तसभेने पवित्र ग्रंथात ठेवलं आणि आपल्याला प्रार्थना म्हणून दिलं. तुम्ही रात्री दोन वाजता कुशी बदलता तेव्हा ईयोबाच्याच ओळीत उभ्या असता.

मी धर्मभगिनी आहे आणि नर्सही. एकतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत, आणि आता काही वर्षं लोकांचं ऐकून घेण्याचं काम करते. असंच एक वाक्य मी स्वतःही ऐकलेलं आहे. व्रत घेऊन तीनच वर्षं झाली होती, वडील आजारी होते, आणि मला झोप येईनाशी झाली. वयाने मोठ्या असलेल्या एका व्यक्तीने सांगितलं की देव तुला रात्री प्रार्थनेला उठवतोय, तू उठून चॅपलमध्ये बस. मी बसले. सहा आठवडे रोज दोन-तीन तास. शेवटी एका सकाळी औषधाच्या ट्रॉलीपाशी हात इतके थरथरले की इंजेक्शन भरता येईना. आमच्या वरिष्ठ सिस्टरांनी ते पाहिलं, काही न बोलता ट्रॉली बाजूला घेतली आणि मला डॉक्टरांकडे नेलं. म्हणून सांगते, देव झोपेतून उठवतो हे खरं असलं तरी प्रत्येक जागरण देवाचं बोलावणं नसतं. शरीर थकलेलं आहे, एवढाच पुष्कळ वेळा त्याचा अर्थ असतो.

आता तुमचा प्रश्न. झोपेचं खातं अमुक संताकडे, काळजीचं तमुककडे, असा सरकारी दरबार स्वर्गात नाही. काही संतांना ख्रिस्तसभेने अधिकृतपणे आश्रयदाते नेमलं आहे, पण बहुतेकांचा आश्रय लोकांनीच शोधलेला आहे. त्या संताच्या आयुष्यात आपल्यासारखं काही घडलं होतं, म्हणून लोक त्याच्याकडे गेले, पिढ्यान्‌पिढ्या जात राहिले, आणि नातं तयार झालं. संत आपल्यासाठी मध्यस्थी करतो, देणारा देवच. त्यामुळे तुम्ही आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांना झोपेसाठी हाक मारलीत तर ते ‘हे माझं काम नाही’ म्हणणार नाहीत. तरी रात्रीच्या वेळी जवळचे वाटतील असे काही जण आहेत, आणि त्यांच्याविषयी सांगायला मला मनापासून आवडतं.

परंपरेने निद्रानाशासाठी ज्यांचं नाव घेतलं जातं ते एफेससचे सात झोपाळू. आजच्या तुर्कस्तानातल्या एफेसस शहराबाहेरची ही कथा. सम्राट डेसियसच्या छळाच्या काळात, म्हणजे इसवी सन २५० च्या आसपास, सात ख्रिस्ती तरुण गुहेत लपले, गुहेचं तोंड बुजवण्यात आलं, आणि ते झोपी गेले. जागे झाले तेव्हा दुसऱ्या थिओडोसियसचं राज्य होतं, म्हणजे दीडएकशे वर्षांहून अधिक काळ लोटला होता. भाकरी आणायला गेलेल्याने जुनं नाणं पुढे केलं तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांचा स्मरणदिन २७ जुलै. कुराणातही ही गोष्ट ‘गुहा’ या नावाच्या अध्यायात येते, त्यामुळे आपले मुसलमान शेजारीही यांना ओळखतात. ही दंतकथा आहे, आणि दंतकथा म्हणूनच मला ती प्रिय आहे: बाहेर सगळं जग आपल्या जिवावर उठलेलं असताना देवाने त्या मुलांना आधी झोप दिली. पण तुम्हाला मी यांच्याकडे पाठवणार नाही. तुमचं दुखणं नुसत्या झोपेचं नाही.

खरं सांगायचं तर कोणत्याच संताकडे झोप मागू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण रात्रपाळीने मला शिकवलेली सगळ्यांत पक्की गोष्ट ही आहे. झोप ही ओढून आणायची वस्तू नाही. ‘आता मला झोप यायलाच हवी’ म्हणत जो पडतो त्याचं मन पहाऱ्याला बसतं: आली का, अजून नाही, किती वाजले, आता चारच तास उरले. पहारा देणारं मन झोपत नाही. नऊ रात्रींची झोपेची नोव्हेना कधी कधी हेच करते. पहिल्या रात्री आशा, तिसऱ्या रात्री परीक्षा, नवव्या रात्री निकाल. तुमच्या बाबतीत तेच झालं असावं असं मला वाटतं. संतांना द्यायची ती काळजी. झोपेचा विषयच काढायचा नाही. ती मागून आपल्या पावलांनी येते, किंवा एखाद्या रात्री येत नाही, आणि तरीही ती रात्र वाया जात नाही.

म्हणून तुमच्यासाठी संत योसेफच. मूर्ती घरात आहेच, फक्त ती कशासाठी आहे ते नीट समजून घ्या.

ही झोपलेल्या योसेफाची भक्ती आपल्याकडे सगळीकडे पोहोचली ती पोप फ्रान्सिस यांच्यामुळे. जानेवारी २०१५ मध्ये ते आपल्या बाजूला आले होते. १४ तारखेला कोलंबोत त्यांनी गोव्याच्या बाणावलीत जन्मलेल्या फादर योसेफ वाझ यांना संतपद जाहीर केलं, आणि तिथून पुढे फिलिपिन्सला गेले. १६ जानेवारीला मनिलात कुटुंबांशी बोलताना त्यांनी सांगितलं की माझ्या टेबलावर झोपलेल्या संत योसेफाची प्रतिमा आहे. काही अडचण आली की मी कागदावर लिहून ती चिठ्ठी त्याच्याखाली ठेवतो, म्हणजे तो त्यावर स्वप्न पाहील, अर्थात त्या प्रश्नासाठी प्रार्थना करील. आता यात बारकाई बघा. पोप चिठ्ठी ठेवत होते ती प्रश्नाची. झोपेची नव्हे. आणि ठेवल्यावर ती त्याच्याकडे ठेवत होते. आपण काय करतो? चिठ्ठी ठेवतो आणि मनात तिची नक्कल जपून ठेवतो. मग रात्री दोन वाजता ती काढून परत वाचतो.

योसेफाची गोष्ट मत्तयच्या शुभवर्तमानात पहिल्या दोन अध्यायांत आहे. आज संध्याकाळी सावकाश वाचा. चार वेळा त्याला स्वप्नात सांगणं येतं. मरियेला स्वीकारायला भिऊ नकोस. उठ, बाळ आणि त्याची आई यांना घेऊन मिसरला पळ. आता परत जा. आणि शेवटी यहुदियाऐवजी गालीलकडे वळ. योसेफाच्या तोंडचा एकही शब्द शुभवर्तमानात नाही. आहे ती त्याची झोप, आणि उठल्यावर केलेलं काम. मला इथे नेहमी थांबावंसं वाटतं. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला होता, त्या रात्री हा माणूस झोपलेला होता. त्याला काळजी नव्हती म्हणून नव्हे. आपल्या हातात जे होतं ते दिवसा करून झालं होतं, आणि उरलेलं देवाला झोपेतही सांगता येतं, म्हणून. स्वप्न पडल्यावर मात्र तो सकाळची वाट बघत बसला नाही, रात्रीच निघाला.

आणि तुमच्या घरच्या गोष्टीशी तर त्याचं थेट नातं आहे. योसेफ बायको-मुलाला घेऊन परमुलखात राहिला. तिथली भाषा वेगळी, माणसं वेगळी, हातात सुतारकाम. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी योसेफावर जे पत्र काढलं त्यात त्यांनी म्हटलं आहे की युद्ध, द्वेष, छळ आणि गरिबी यांमुळे ज्यांना आपला देश सोडावा लागतो त्या सगळ्यांचा योसेफ हा खास आश्रयदाता आहे. (त्या तारखेलाच दीडशे वर्षं पूर्ण होत होती, नवव्या पायसने योसेफाला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता जाहीर केलं त्याला.) तुमचा मुलगा पोटासाठी गेला आहे. परक्या शहरात भाड्याच्या खोलीत, आठ तास गरम शेगड्यांपुढे उभं राहून तो घरी पैसे पाठवतो. त्याच्यासाठी याहून जवळचा संत मला सुचत नाही. तेव्हा चिठ्ठीवर ‘मला झोप दे’ लिहू नका. मुलाचं नाव लिहा. आणि त्याखाली तुमची खरी भीती लिहा, जी तुम्ही पत्रात अर्धवट लिहून खोडली आहे. खोडलं तरी मला वाचता आलं, ताई. तीच लिहा. योसेफाला ती नवी नाही.

काळजीसाठी दुसरा एक संत सांगते, आपल्याकडे त्याच्याकडे फार कमी लोक जातात: संत फ्रान्सिस द सेल्स, जिनिव्हाचे बिशप, सण २४ जानेवारी. आपल्याला हे माहीत असतात ते पत्रकारांचे आश्रयदाते म्हणून. पण पॅरिसला शिकत असताना, १५८६च्या अखेरीस, एकोणीस वर्षांच्या या मुलाला एका विचाराने घेरलं: देवाने मला आधीच टाकून दिलं असेल तर? माझा नरकच ठरलेला असेल तर? जवळजवळ सहा आठवडे हे चाललं. अन्न गेलं, झोप गेली, शरीर खंगलं. शेवटी तो एका चर्चमध्ये काळ्या मरियामातेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून बसला. तिथे त्याने ‘हे परमदयाळू कुमारी मरिये, स्मरण कर’ ही प्रार्थना म्हटली. आणि देवाला म्हणाला की मरणानंतर तुझ्यावर प्रेम करणं माझ्या नशिबी नसेल, तर निदान या आयुष्यात मला ते करू दे. भीती गळून पडली. ती मूर्ती आज पॅरिसजवळच्या नॉयी इथे आहे.

पुढे १६०९ मध्ये भक्तिजीवनावर त्यांचं जे पुस्तक निघालं त्यात बेचैनीवर एक आख्खं प्रकरण आहे, चौथ्या भागातलं अकरावं. पाप सोडलं तर आत्म्यावर येणारी सगळ्यांत मोठी आपत्ती म्हणजे बेचैनी, असं ते म्हणतात. एवढं मोठं विधान करून मग फासात सापडलेल्या पाखरांचं उदाहरण देतात: सुटायच्या घाईने ती पंख फडफडवतात आणि म्हणूनच जास्त गुरफटतात. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वॉर्डातल्या कितीतरी रात्री डोळ्यांपुढे आल्या. झोपेच्या बाबतीत याहून अचूक काही मी वैद्यकाच्या पुस्तकातही वाचलेलं नाही. त्याच प्रकरणात ते उपायही सांगतात: तुमची बेचैनी कुणातरी विश्वासाच्या माणसाला उघडपणे सांगा, लवकर उतार पडेल. तुम्ही पत्रात मुलाच्या बाबांविषयी एक ओळही लिहिलेली नाही. ते शेजारीच झोपलेले असतात ना? दोन वाजता त्यांना उठवू नका. पण संध्याकाळी, क्रूसापुढची प्रार्थना झाली की, एकदा त्यांनाही सांगा. तेही कदाचित डोळे मिटून जागेच पडलेले असतील. अशी जोडपी मी पुष्कळ पाहिली आहेत.

ज्यांना रात्री भक्तीच जागवते त्यांना मी संत इग्नेशियस लोयोलांकडे पाठवते. तुम्हाला थोडं लागू पडेल, कारण तुम्ही रात्री दोनला उठून तिन्ही रोझऱ्या (जपमाळा) म्हणता असं लिहिलंय. स्पेनमधल्या मनरेसात असताना ते झोपायला टेकले की त्यांच्या मनात मोठमोठे प्रकाश आणि आध्यात्मिक आनंद दाटून यायचे, आणि झोपेसाठी ठेवलेला थोडकाच वेळ त्यात जायचा. त्यांनी विचार केला: देवासाठी मी दिवसाचे इतके तास ठरवून दिलेले आहेत, मग झोपेच्या वेळात हे का येतं? हे चांगल्या आत्म्याकडून आहे की नाही याचीच त्यांना शंका आली. शेवटी ते सगळं बाजूला सारून ठरलेला वेळ झोपायचं त्यांनी ठरवलं, आणि तसंच केलं. एवढा मोठा संत झोपेसाठी आध्यात्मिक आनंद बाजूला ठेवतो! अहमदनगरकडच्या आपल्या लोकांना श्रद्धेची ओळख ज्या येशूसंघीयांनी करून दिली त्यांचे हे संस्थापक. त्यांचा आणखी एक नियम रात्रीसाठी सोन्यासारखा आहे: मन काळोखात असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. ‘त्याला उद्याच परत बोलावते’ हे रात्री दोनला ठरवायचं नाही. सकाळी चहा झाल्यावर ठरवा.

रोझरी म्हणता म्हणता झोप लागली तर पाप लागतं का, हेही तुम्ही विचारलंय. अजिबात नाही. लिझ्यूची संत तेरेजा सात वर्षं ध्यानाच्या वेळी पेंगत असे, आणि तिने लिहून ठेवलं आहे की लेकरं झोपलेली असोत की जागी, आईबापांना ती सारखीच लाडकी असतात. आमची आजी म्हणायची, अर्धी राहिलेली रोझरी रक्षकदूत पुरी करतो. अंथरुणात एक रहस्य, म्हणजे माळेचा एकच टप्पा, म्हणा, हळू, मोजदाद न करता. तिन्ही रोझऱ्या दिवसा.

आता गोळीचं. इथे मी नर्स म्हणून बोलते आणि सिस्टर म्हणूनही, दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

मानसिक आजारांसाठी जिला हाक मारतात ती संत डिम्फ्ना. तिची कथा अशी: सातव्या शतकातली आयर्लंडची राजकन्या, आई वारल्यावर बापाची मती फिरली, त्याच्यापासून वाचायला ती आपल्या वृद्ध धर्मगुरूबरोबर पळाली आणि आजच्या बेल्जियममधल्या गील गावाजवळ बापानेच तिचा जीव घेतला. तिचं चरित्र तेराव्या शतकात लिहिलं गेलं, त्यामुळे त्यातलं इतिहास किती हा वेगळा प्रश्न. पण गीलमध्ये पुढे जे घडलं ते निर्विवाद आहे. मन आजारी झालेल्या माणसांना घेऊन लोक तिच्या कबरीपाशी येऊ लागले. चर्चजवळची जागा पुरेना, म्हणून गावातल्या कुटुंबांनी या पाहुण्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं. जेवायला बसवलं, शेतावर नेलं. शतकं लोटली तरी ही रीत थांबली नाही. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या लहानशा गावात साडेतीन हजारांहून जास्त असे रुग्ण घरोघरी राहत होते. आजही ही पद्धत चालू आहे, आणि डॉक्टर, नर्स, औषधं सगळं तिचा भाग आहे. डिम्फ्नाकडे प्रार्थना करणाऱ्या गावाने डॉक्टरला दार बंद केलं नाही.

काळजी करू नका, प्रार्थना करा, आशा ठेवा, असं सांगणारे म्हणून सगळ्यांना माहीत असलेले पाद्रे पिओ यांचंही तेच. ज्यांच्याकडे लोक चमत्कारासाठी रांगा लावत, त्यांनी इटलीतल्या सान जोव्हान्नी रोतोंदोला एक मोठं इस्पितळ उभं केलं. ५ मे १९५६ला ते सुरू झालं, नाव ठेवलं ‘दुःखनिवारणाचं घर’. प्रार्थनेने सगळं भागतं असं त्यांना वाटत असतं तर ते विटा कशाला रचत बसले असते?

तेव्हा गोळी एक दिवस घेणं आणि दोन दिवस चुकवणं हे सगळ्यांत वाईट. काही झोपेच्या गोळ्या अशा अचानक सोडल्या की झोप आणखी उडते, आणि माणसाला वाटतं आपला आजार वाढला. एका बाईंनी नोव्हेना संपली म्हणून गोळ्या एकदम बंद केल्या आणि चौथ्या दिवशी त्यांना आमच्या वॉर्डात आणावं लागलं, हे मी पाहिलेलं आहे. डॉक्टरांकडे जा आणि खरं सांगा: मी अशी अशी घेते, मला भीती वाटते. किती दिवस घ्यायची, कशी कमी करायची ते त्यांना ठरवू द्या. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, आणि तीन महिन्यांहून अधिक काळ असं चाललं की तो जुनाट निद्रानाश. तुमचे चौदा महिने झालेत. यासाठी गोळीशिवाय बोलण्याची आणि सवयी बदलण्याची एक उपचारपद्धत आहे, तीच पहिली द्यावी असं आता डॉक्टर मानतात. तिच्याविषयी विचारा. तुमचं वय चोपन्न, तेव्हा पाळी जाण्याच्या काळात रात्री अंगातून वाफा निघून जाग येते का, तेही सांगा. थायरॉईड बघून घ्या. घोरताना श्वास अडतो का ते मुलाच्या बाबांना विचारा. आणि पहाटे जाग आल्यावर रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तारखेची वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, जाताना लाज वाटत नाही, मग इथेही वाटू देऊ नका.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी रुग्णांना नेहमी सांगते. तो झुडपाखाली पडून म्हणाला, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूताने उठवून निखाऱ्यावरची गरम भाकरी आणि पाणी दिलं. पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं फार नंतर झालं, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

रात्रीचं थोडं व्यवस्थापन सांगते. दुपारी चारनंतर चहा नको. उठायची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दुपारी तासभर पडता ते बंद. खोलीतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. दोनला जाग आली आणि वीसेक मिनिटांत पुन्हा डोळा लागला नाही असं वाटलं, तर उठून बाहेरच्या खोलीत बसा. मंद दिवा, योसेफाची मूर्ती, हातात काही नाही. एकशे एकविसावं स्तोत्र पाठ असेल तर म्हणा: इस्राएलाचा रक्षक झोपत नाही की डुलकी घेत नाही. तो जागा आहे, म्हणजे दोघांनी जागायची गरज नाही. पापण्या जड झाल्या की परत अंथरुणात. माहीमला बुधवारच्या नोव्हेनाला जाता ते चालू ठेवा, त्यात खंड नको. तिथल्या सदासाहाय्य मातेच्या चित्रात बाळ येशूच्या एका पायातली चप्पल लोंबकळते आहे, पाहिलंत? दूतांच्या हातात क्रूस आणि भाला बघून घाबरून ते आईकडे धावत आलं आहे, अशी ती चप्पल सुटलेली. तिचे डोळे मात्र आपल्याकडे आहेत. मुलाच्या दुःखाची चाहूल लागलेली आई आहे ती. तिच्यापुढे तुम्हाला शब्द शोधायला लागणार नाहीत.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही पत्राच्या मधोमध सहज लिहून गेलात. मुलाची पाळी तिथल्या अकराला संपते आणि खोलीवर पोहोचला की तो ‘पोचलो’ एवढा मेसेज टाकतो. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथले साडेअकरा म्हणजे आपले दोन. ताई, तुमचं शरीर चौदा महिने त्या मेसेजसाठी उठतंय. उशाशी फोन आहे, तो वाजला की जीव भांड्यात पडतो, नाही वाजला की पडत नाही. तुम्ही त्याची वाट बघता यात चूक काही नाही, मीही बघितली असती. पण येत्या रविवारी मिस्सानंतर त्याला फोन कराल तेव्हा सांगा, बाळा, मेसेज टाकत जा, पण मी तो सकाळी सहाला वाचीन. खरंच अडचण आली तर बाबांच्या फोनवर कॉल कर, तो चालू असेल. आणि रात्री दहाला तुमचा फोन बाहेरच्या खोलीत ठेवून द्या, त्या मूर्तीशेजारी, चिठ्ठीवर.